पाटीवर घड्याळजीचंही नाव हवं

संग्रहालयातली जुनी तलवार शंभर वर्षं कुणी हातात घेतली नाही, तरी ती तलवारच राहते. जुन्या घड्याळाचं तसं नसतं. त्याला आठवड्याला चावी द्यावी लागते, काही वर्षांनी ते पूर्ण खोलून पुसावं लागतं, तेल घालावं लागतं, झिजून मोठी झालेली भोकं बुजवून पुन्हा पाडावी लागतात, तुटलेली स्प्रिंग बदलावी लागते. सव्वाशे वर्षांपूर्वीचं घड्याळ आज भिंतीवर आहे आणि त्याचे काटे अजून फिरू शकतात, याचा सरळ अर्थ असा की मधल्या तीन-चार पिढ्यांत कुणी ना कुणी ते दर वेळी उघडलं, समजून घेतलं आणि पुन्हा चालू केलं. आपली संग्रहालयं या माणसाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. हा मला अन्याय वाटतो, आणि इतिहास म्हणूनही ती अर्धवट गोष्ट वाटते.

पाट्या साधारण एकाच साच्याच्या असतात. ‘भिंतीवरील घड्याळ, इंग्लंड, १९ वे शतक’, आणि खाली देणगीदाराचं नाव. घड्याळ कुठल्या देशात तयार झालं हे कळतं, कुठल्या घराण्यानं दिलं हेही कळतं. ते मिरजेत, वाईत, अमरावतीत किंवा मालवणात कुणाच्या हातून दुरुस्त होत राहिलं, हे कळायला काहीच मार्ग नसतो. ही उणीव महाराष्ट्रातल्या संग्रहालयांनी भरून काढली पाहिजे, आणि त्याला उशीर करून चालणार नाही. घड्याळजीचं नाव पाटीवर यावं, त्याची हत्यारं आणि हिशेबाच्या वह्या संग्रहात याव्यात, आणि जी घड्याळं चालवणं शक्य आहे ती चालती ठेवण्याचं काम रीतसर मानधन देऊन त्याच्याकडे सोपवावं, असं माझं म्हणणं आहे.

हे काम किती नाजूक आणि किती अवघड असतं ते आधी पाहू. जुन्या मराठी घरांत जी ठोक्यांची घड्याळं दिसतात, त्यांतली बरीचशी इंग्लंडची नाहीतच. ती अमेरिकेतल्या अ‍ॅन्सोनियाची किंवा सेथ थॉमसची, जर्मनीतल्या युंगहान्सची, नाहीतर जपानच्या सेइकोशाची असतात. किंटारो हात्तोरी यांनी टोकियोत १८९२ साली सेइकोशा कारखाना काढला, आणि पुढे त्याची भिंतीवरची घड्याळं आशियाभर जाऊ लागली. अमेरिकी घड्याळं स्वस्त पडायची, कारण त्यांची चाकं आणि पत्रे साच्यानं कापून हजारोंच्या संख्येनं निघायचे. तबकडीत दोन भोकं असतात, एक काट्यांच्या चावीचं आणि दुसरं ठोक्यांच्या चावीचं. चावी एकदा पूर्ण दिली की आठ दिवस पुरते. आखूड लोलकाच्या घड्याळाचे टिकटिकीचे टोले सेकंदाला एकाहून जास्त पडतात. एकच धरला तरी दिवसाला ८६,४०० टोले होतात आणि वर्षाला तीन कोटी पंधरा लाखांच्या वर. दर टोल्याला पोलादाचा तुकडा चाकाच्या दातावर आपटतो. यंत्रात तेल असतं, तेलात धूळ मिसळते, आणि त्या मिश्रणानं चाकाचा आस ज्या भोकात फिरतो ते भोक हळूहळू लांबट होत जातं. यात एक विलक्षण गोष्ट घडते. पितळ मऊ आणि पोलाद कडक, पण झीज पुष्कळदा पोलादाचीही होते, कारण धुळीचे कण मऊ पितळेत रुतून बसतात आणि तिथून पोलादाला खरवडत राहतात. ज्यानं शेकडो घड्याळं उघडली आहेत, त्याला कुठल्या आसाकडे आधी पाहायचं हे भिंग डोळ्याला लावायच्या आतच ठाऊक असतं.

हवामानाचा भाग वेगळाच. पोलादी दांडीचा लोलक १० अंशांनी तापला, की घड्याळ दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे पडतं. वैशाखात लोलकाखालचं नट थोडं वर फिरवायचं आणि पौषात खाली, हे विदर्भातल्या घड्याळजीला शिकवावं लागत नाही. कोकणात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे गंज हा तिथला मुख्य शत्रू. ही घड्याळं अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये किंवा टोकियोत तयार झाली तेव्हा मालवणचा आषाढ कुणाच्या हिशेबात नव्हता. तो हिशेब इथल्या माणसानं केला.

आणि सुट्या भागांचं काय? अ‍ॅन्सोनियाचा कारखाना १९२९ च्या सुमारास बंद झाला, त्याची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियानं विकत घेतली. त्यानंतर चिपळूणच्या एखाद्या घरातल्या अ‍ॅन्सोनियाचं चाक मोडलं, तर नवं चाक कुठून येणार होतं? एक तर दुसऱ्या बंद पडलेल्या घड्याळातून काढून, किंवा पितळेचा पत्रा कापून, कानशीनं एकेक दात काढून ते इथेच तयार करावं लागलं. दात सारखे नसतील तर घड्याळ अडकतं, म्हणजे ते मोजमाप केसाच्या जाडीइतकं अचूक यायला हवं. लोलक ज्या पातळ पट्टीवर झुलतो ती पट्टी वाकली, तुटली, की तीही इथेच कापून बसवली गेली. अशी चाळीस-पन्नास वर्षं गेली की त्या घड्याळात किती अमेरिका उरते आणि किती चिपळूण येतं, हा प्रश्न खरोखर विचारावा असा आहे. पाटीवर फक्त ‘अमेरिका’ लिहून तो मिटत नाही.

गंमतीचा नव्हे, महत्त्वाचा भाग असा की या प्रश्नाचं उत्तर अनेकदा घड्याळाच्या पोटातच लिहिलेलं असतं. आतल्या पितळी पत्र्यावर किंवा खिशातल्या घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आतून बारीक टोकानं कोरलेल्या खुणा सापडतात. एखादी तारीख, दोन अक्षरं, एखादा आकडा. दुरुस्तीची अशी नोंद ठेवण्याची पद्धत जगभरच्या घड्याळजींमध्ये आहे. तेच घड्याळ पुन्हा दुकानात आलं, तर मागच्या खेपेला ते कधी उघडलं होतं हे चटकन कळावं म्हणून. या खुणा वाचायला घड्याळ उघडावं लागतं. संग्रहालय मात्र तबकडी वाचून थांबतं.

तबकडी तरी सगळं खरं सांगते का? तबकडीवरचं नाव पुष्कळदा विकणाऱ्याचं असतं. लंड अँड ब्लॉकली ही लंडनची पेढी, राजाबाई टॉवरच्या घड्याळामुळे मुंबईकरांना माहीत झालेली. वेस्ट एंड वॉच कंपनीचं नाव आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत घरोघरी होतं, पण त्या घड्याळांची यंत्रं स्विस. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातलं प्रसिद्ध वाजणारं घड्याळ कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीचं म्हणून ओळखलं जातं, आणि त्याचे भाग इंग्लंडमधून आलेले. म्हणजे नाव एकाचं, यंत्र दुसऱ्याचं, लाकडी पेटी कदाचित तिसऱ्याची, आणि नंतरची ऐंशी वर्षं देखभाल चौथ्याची. यांतल्या पहिल्याला आपण निर्माता म्हणतो. चौथ्याला आपण काहीच म्हणत नाही.

‘अहो, पण आपले घड्याळजी दुरुस्ती करणारे होते, घड्याळं बनवणारे नव्हते. इंग्लंडच्या गावोगावच्या संग्रहालयांत स्थानिक घड्याळकारांची दालनं असतात ती त्यांनी घड्याळं बनवली म्हणून’, असा आक्षेप यावर हमखास येतो. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, म्हणून इंग्लंडमधलीच परिस्थिती जरा जवळून पाहू. तिथल्या लहान बाजारगावांच्या संग्रहालयांत माणसापेक्षा उंच लाकडी पेटीतली घड्याळं असतात आणि त्यांच्या तबकडीवर त्या गावाचं आणि गावातल्या घड्याळकाराचं नाव रंगवलेलं असतं. स्थानिक लोक ते अभिमानानं दाखवतात. पण १७७२ च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये रंगीत तबकड्यांचा धंदा सुरू झाला, आणि त्यानंतर गावोगावचे घड्याळकार तबकडी तिथून मागवू लागले. ओतीव भाग, घंटा, पुढे पुढे जवळपास तयार यंत्रंसुद्धा बाहेरून येत. गावातला माणूस ते जुळवी, घासून-पुसून बेतशीर करी, गावच्या सुताराकडून पेटी करवून घेई, आपलं नाव घाली आणि पुढची तीस वर्षं गावातली सगळी घड्याळं सांभाळी. त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग दुरुस्तीचाच असे. तरीही तिथल्या संशोधकांनी चर्चच्या नोंदी, शिकाऊ कामगारांचे करार, मृत्युपत्रं, जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती चाळून अशा हजारो माणसांच्या याद्या केल्या. कोण कुणाच्या हाताखाली शिकला, कोणत्या साली कोणत्या गल्लीत दुकान होतं, मुलानं धंदा चालवला की नाही, इतक्या तपशिलानं.

इंग्लंडच्या जुन्या लँकेशायरमधल्या प्रेस्कॉट गावाची गोष्ट तर आपल्याला फारच जवळची आहे. तिथे घरोघरी घड्याळांचे सुटे भाग, बारीक कानशी आणि इतर हत्यारं तयार व्हायची. तिथली कच्ची यंत्रं लंडन, लिव्हरपूल, कॉव्हेंट्रीला जायची आणि तिथल्या पेढ्यांच्या नावानं विकली जायची. प्रेस्कॉटचा कारागीर तबकडीवर कुठेच नसायचा. आज त्या गावच्या संग्रहालयात त्याची हत्यारं आणि त्याचं काम मांडलेलं आहे. म्हणजे ज्यांच्या नावाशिवाय घड्याळं जगभर गेली, त्यांना त्यांच्या गावानं नाव परत दिलं. हे प्रेस्कॉटला जमतं, तर ते सांगलीला आणि अकोल्याला न जमण्याचं कारण मला दिसत नाही. फरक कारागिरीचा नाही. फरक एवढाच आहे की त्यांनी चौकशी केली आणि आपण केली नाही.

शिवाय काळ मोजणारी साधनं आपल्याकडे बनतच नव्हती, हेही खरं नाही. घटिकापात्र घ्या. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटकांचा अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी ही वाटी पाण्यात सोडून जोशीबुवा शेजारी बसत, हे अजून अनेकांच्या घरच्या आठवणींत आहे. या वाटीचं वजन, तिचा आकार आणि छिद्राची रुंदी यांचा मेळ बसला तरच ती बरोबर २४ मिनिटांत भरते. छिद्र जरासं मोठं झालं की सगळं काम वाया. तांबटानं ते कसं साधलं, किती वेळा पाण्यात सोडून पाहिलं, कशावर ताडून पाहिलं, याची नोंद कुणी केली नाही. संग्रहालयात ही वाटी ‘तांबे’ एवढ्या वर्णनानिशी कपाटात असते. म्हणजे घड्याळजीच्या बाबतीत आपण जे करतो आहोत, ते आधी तांबटाच्या बाबतीत करून बसलो आहोत.

दुसरा आक्षेप संवर्धन करणाऱ्यांचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. ते म्हणतात, घड्याळ चालवलं की झिजतं. जुना भाग झिजला की बदलावा लागतो, आणि बदलला की मूळ वस्तू तेवढी कमी होते. शंभर वर्षं रोज चालवलेल्या घड्याळात अखेरीस मूळचं काही उरणार नाही, तेव्हा ते थांबवून जपावं. यातला प्रत्येक शब्द मला मान्य आहे, फक्त त्यावरून काढलेला सरसकट निष्कर्ष मान्य नाही. ग्रिनिचच्या वेधशाळेत जॉन हॅरिसन यांची समुद्रावर वेळ दाखवणारी चार घड्याळं आहेत. हॅरिसन मूळचे सुतार, लिंकनशायरमधल्या खेड्यात वाढलेले. त्यांची पहिली तीन घड्याळं तिथे चालू ठेवली जातात. चौथं, १७५९ साली पूर्ण झालेलं आणि सगळ्यांत मोलाचं, थांबवून ठेवलेलं आहे, कारण त्याला तेल लागतं आणि चालवल्यास ते झिजेल. एकाच दालनात, एकाच माणसाच्या हातच्या वस्तूंबद्दल दोन निराळे निर्णय, आणि दोन्ही विचारपूर्वक घेतलेले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी निर्णयच घेतलेला नसतो. घड्याळ बंद असतं कारण ते बंद पडलं. ही अनास्था आहे, तिला संवर्धनाचं नाव देऊ नये.

शिवाय नुसतं बंद ठेवल्यानं घड्याळ सुरक्षित राहतं असंही नाही. आतलं जुनं तेल घट्ट होतं, ताणलेल्या स्प्रिंगमध्ये जोर अडकून राहतो, दमट हवेत पोलाद गंजत जातं. बंद घड्याळाचीही देखभाल करावीच लागते, आणि ती करायला आतलं कळणारा माणूसच लागतो. साच्यानं लाखोंनी निघालेल्या अमेरिकी किंवा जपानी घड्याळांपैकी चार-पाच संग्रहालयात असतील, तर त्यांतलं एक चालू ठेवल्यानं जगाच्या वारशाची हानी होत नाही. आणि चालतं घड्याळ काय करू शकतं ते सालारजंगमध्ये दर तासाला दिसतं. तास पुरा व्हायला तीन मिनिटं असताना छोटासा दाढीवाला पुतळा दार उघडून बाहेर येतो, तास पुरा झाला की घंटेवर ठोके देतो आणि आत जातो. शेजारी लोहाराची मूर्ती सेकंद मोजत असते. नांदेड-लातूरकडून आलेल्या सहली त्या अंगणात बसून बाराच्या ठोक्यांची वाट पाहतात. संग्रहालयातली इतर मौल्यवान दालनं लोक भराभर उरकतात, पण या घड्याळासमोर मुलं शांत बसतात. यंत्राबद्दलची ओढ जागी करायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों या शहरात घड्याळांचं मोठं संग्रहालय आहे. तिथे दुरुस्तीची कार्यशाळा प्रेक्षकांना दिसेल अशी ठेवली आहे. कारागीर भिंग लावून काम करतो आहे, आणि त्याचं काम हाही प्रदर्शनाचाच भाग आहे. २०२० साली स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधल्या यांत्रिक घड्याळांच्या कारागिरीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. जतन करायचं ते हातातलं कसब, असं तिथे गृहीत धरलं गेलं. हा विचार आपल्याला परका असायचं कारण नाही. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली उघडलं, आणि तिथे मुंबईतल्या समाजांची नि धंद्यांची मातीची छोटी मॉडेल्स आजही आहेत. त्याच्या समोरच डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा उभा आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी सगळं आयुष्य वेचून दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं, दरवाजे अशा सुमारे २० हजार वस्तू जमवल्या आणि तो संग्रह राज्याला देऊन टाकला. रोजच्या वापरातली वस्तू आणि ती घडवणारा हात संग्रहालयाच्या योग्यतेचा असतो, हे मराठी माणसाला केळकरांनी फार पूर्वी दाखवून दिलं. त्याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकायचं आहे, वस्तू वापरात ठेवणाऱ्या हातापर्यंत.

मनोऱ्यांवरच्या घड्याळांकडे पाहिलं तर हा प्रश्न संग्रहालयाच्या भिंतींपुरता नाही हे लक्षात येतं. राजाबाई टॉवर १८६९ ते १८७८ या काळात बांधला गेला, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावानं. २८० फूट उंच. २०१५ साली त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला आणि २०१८ साली त्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दगडाबद्दल, रंगीत काचांबद्दल, वास्तुरचनाकाराबद्दल भरभरून लिहिलं गेलं आहे. इतकी वर्षं त्या जिन्यांवरून चढून घड्याळाची निगा ज्यांनी राखली, त्यांची नावं मात्र कुणाच्या तोंडी नाहीत. आणि याच शहरात वेळ हा राजकारणाचा विषय झाला होता. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. रेल्वे आणि तारखातं नव्या वेळेवर गेलं, शहरानं मात्र विरोध केला. गिरणी कामगारांनीही केला, कारण घड्याळाचा काटा ३९ मिनिटं पुढे सरकवणं म्हणजे त्यांना तेवढं आधी कामावर बोलावणं होतं. पुढे कित्येक दशकं मुंबईत दोन वेळा नांदत होत्या. त्या काळात गिरगावातल्या किंवा परळमधल्या दुकानात घड्याळ दुरुस्तीला आलं, तर ते कुठल्या वेळेला लावून द्यायचं हे गिऱ्हाइकाला विचारावं लागत असणार. शहराच्या इतिहासातलं इतकं बोलकं पान घड्याळजीच्या टेबलावर लिहिलं जात होतं, आणि आपण तिथे कधी शोध घेतला नाही.

लखनौच्या हुसेनाबादचा मनोरा १८८१ सालचा. त्याचं घड्याळ १९८४ मध्ये बंद पडलं आणि सुमारे २७ वर्षं बंदच होतं. २०११ साली ते पुन्हा सुरू झालं, ते शहरातल्याच दोन उत्साही माणसांनी महिनोन् महिने खपून केलेल्या दुरुस्तीमुळे. घड्याळाचं ज्ञान गावात असतं. त्याला दार उघडून द्यायची तयारी लागते.

ती तयारी आता का हवी? १९६९ च्या डिसेंबरात सेइकोनं सेलवर चालणारं क्वार्ट्‌झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं, आणि पुढच्या वीस वर्षांत यंत्राच्या घड्याळांचा जमाना संपत आला. आपल्याकडे १९६१ पासून एचएमटीनं लाखो मनगटांवर घड्याळं बांधली. लग्नात जावयाला, निवृत्तीच्या समारंभात साहेबाला ‘जनता’ किंवा ‘कांचन’ देण्याची पद्धत होती. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ साली घेतला. बेंगळुरूत आता एचएमटीच्या वारशाचं संग्रहालय आहे, हे चांगलंच झालं. पण ती कारखान्याची बाजू झाली. त्या घड्याळांना बाजारपेठेतल्या काचेच्या पेटीमागे बसून पन्नास वर्षं चालतं ठेवणाऱ्यांची बाजू कुठे आहे? आज अशा दुकानांत बहुतेक सेल बदलून देणं आणि पट्टा बसवणं एवढंच काम येतं. ज्याला चाकाचा दात काढता येतो, तो साठी-सत्तरीचा असतो. मुलगा मोबाइलच्या दुकानात किंवा नोकरीत असतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. दुकान बंद झालं की लेथ भंगारात जातो, भिंग आणि चिमटे कुणीतरी उचलून नेतं, वह्या रद्दीत जातात. त्या वह्यांत गिऱ्हाइकाचं नाव, घड्याळाची जात, बिघाड आणि घेतलेले पैसे लिहिलेले असतात. गावात कोणत्या साली कुणाकडे कसलं घड्याळ होतं, याचा इतका अस्सल पुरावा दुसऱ्या कुठल्या कागदात मिळणार आहे? हे सगळं रद्दीत जाताना आपण काहीच केलं नाही, तर पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांना खुणा दिसतील आणि त्या कुणाच्या हे सांगणारं कुणी नसेल.

खर्चाची सबब मला पटत नाही. संग्रहातलं प्रत्येक घड्याळ एकदा जाणत्या माणसाकडून उघडून घ्यायचं, आतल्या पत्र्यांचे फोटो काढायचे, कोरलेल्या खुणा वहीत उतरवायच्या, बदललेले भाग ओळखायचे. याला लागतो तो वेळ आणि एका माणसाची मजुरी. देणगीदार घराण्याला विचारायचं, घड्याळ दुरुस्तीला कुठे जायचं? बहुतेक घरांत कुणातरी वडीलधाऱ्यांना दुकानाचं नाव आठवतं. मग तिथपर्यंत जायचं, आणि तो कुणाकडे शिकला तेही विचारायचं, कारण हे शिक्षण शाळेत झालेलं नाही, एका हातातून दुसऱ्या हातात आलेलं आहे. पाटीवर दोन ओळी वाढतील. यंत्र कुठलं, आणि इथे कुणी, कुठल्या काळात राखलं. जिथे नाव सापडणार नाही तिथे ‘कोरलेली खूण, दुरुस्ती करणारा अज्ञात’ असं तरी लिहावं. निदान तिथे एक माणूस होता एवढं बघणाऱ्याला कळेल.

खरी अडचण पैशाची नसून दाराची आहे. पदवी नसलेल्या, टपरीवर बसणाऱ्या कारागिराला तज्ज्ञ म्हणून संग्रहालयात बोलवायची आपल्या यंत्रणेला सवय नाही. बोलावलं तरी ते ‘किरकोळ दुरुस्ती’ या सदरात, नळ दुरुस्त करणाऱ्याच्या बिलाशेजारी. कामाचं मोल ठरवताना त्याच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाचा विचार होत नाही. पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयानं हे बदलायचं ठरवलं तर सुरुवात अगदी साध्या कागदावर होऊ शकते. चित्रं, कागद, कापड यांच्या संवर्धकांसारखाच घड्याळ आणि यंत्रांच्या कारागिरांचा वेगळा वर्ग मानावा, जिल्ह्याजिल्ह्यातल्या घड्याळजींची नोंद करावी, आणि त्यांच्याशी वर्षाचा करार करावा. करारात घड्याळाची देखभाल असावी, आणि शेजारच्या आयटीआयमधल्या दोन मुलांना सोबत घेऊन शिकवण्याचं वेगळं मानधनही असावं. निविदेत लायकीच्या रकान्यात पदवीऐवजी केलेलं काम दाखवण्याची मुभा हवी, नाहीतर हे काम ज्यांना येतं ते अर्जच करू शकणार नाहीत.